खाववत नाही

आत्याचे यजमान गेल्याला दोन महिने झाले होते आणि ती तीन आठवडे धड जेवत नव्हती. शेवटी दाजी आणि मी तिला शहरातल्या एका रुग्णालयात घेऊन गेलो. दोन तास बाकावर बसल्यावर आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय आजी?" आत्या म्हणाली, "मला खाववत नाही." तिला पुढं आणखी काही सांगायचं होतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं होतं, आणि ती असं करायला लागली की शब्द जुळवतेय हे मला लहानपणापासून माहीत आहे. तेवढ्यात दाजी म्हणाले, "काही खातच नाहीत हो, डॉक्टर. कुणाचं ऐकत नाहीत." डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. औषधांच्या रांगेत उभा असताना मी ती वाचली. रुग्ण अन्न नाकारते, असा तिचा अर्थ होता. खाली भुकेचं टॉनिक आणि झोपेची गोळी.

दाजींचं प्रेम कमी होतं असं नाही, आणि डॉक्टर वाईट होते असंही नाही. बाहेर शंभर माणसं ताटकळत होती. पण आत्या जे बोलली आणि कागदावर जे उतरलं त्यात 'व'चं अंतर होतं. ते अंतर माझ्या मनातून गेलं नाही, म्हणून हा लेख.

मला चालवत नाही, बघवत नाही, बोलवत नाही, सोसवत नाही. शाळेत आपण याला शक्य क्रियापद म्हणून शिकलो आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. "मी खात नाही" या वाक्यात मी कर्ता आहे, ताट मी सारलंय. "मला खाववत नाही" म्हटलं की तो 'मी' कर्त्याच्या जागेवरून खाली उतरून 'मला' होतो. खायची इच्छा असेल, समोर वाढलेलंही असेल, पण घास आणि माणूस यांच्यामधे काहीतरी येऊन बसलंय. हिंदीतला माणूस "मुझसे खाया नहीं जाता" म्हणून हेच सांगतो. इंग्रजीत मात्र न खाणारा आणि खाऊ न शकणारा दोघंही वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणूनच उभे राहतात, आणि घाईत लिहिणाऱ्याच्या हातून दुसऱ्याचा पहिला होतो. आपल्या भाषेनं हा फरक क्रियापदाच्या पोटातच ठेवलाय. त्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही, चौथी शिकलेली आत्याही तो चुकत नाही.

नंतर मी वैद्यकातल्या एका शब्दाच्या मागं लागलो. तो शब्द डिस्फोरिया. मानसोपचारात अस्वस्थ, नकोशा, जड मनःस्थितीला हा शब्द वापरतात. उदास, चिडचिडं, कशातच चैन न पडणारं असं जे काही असतं ते सगळं त्यात बसतं. मूळ शब्द ग्रीक. 'दुस्' म्हणजे कठीण, वाईट, आणि 'फेरेइन' म्हणजे वाहणं, उचलून नेणं. वाहायला कठीण ते दुस्फोरोस.

मराठी वाचकानं इथं जरा थांबावं. ग्रीक 'दुस्' आणि आपला दुर्जन, दुष्काळ यातला 'दुस्' किंवा 'दुर्' हे सख्खे भाऊ आहेत. ग्रीकात जिथं फ येतो तिथं संस्कृतात पुष्कळदा भ असतो. ढगाला ते नेफोस म्हणत, आपल्याकडे नभस्. त्यांचा फ्रातेर म्हणजे आपला भ्राता. त्याच हिशेबानं त्यांचा फेरेइन हा आपला भृ धातू, ज्याच्यापासून भार आला, भरणं आलं, भर्ता आणि भृत्य आले, आणि आपण उठताबसता मानतो ते आभारही आले. तेव्हा दुस्फोरोस हा शब्द अक्षराला अक्षर लावून संस्कृतात मांडला तर होतो दुर्भर. हा मी आत्ता बनवलेला शब्द नाही. दुर्भर संस्कृतात आहे, वाहायला किंवा पोसायला कठीण या अर्थानं, आणि जुन्या मराठीतही आहे. हिंदी सिनेमात पन्नास वेळा ऐकलेलं "जीना दूभर हो गया" यातलं दूभर हे त्याचंच झिजलेलं रूप. म्हणजे जो शब्द मानसोपचाराच्या जाड पुस्तकात परका वाटतो, तो आपल्याच आळीतला निघाला. (पचनाच्या तक्रारीला डॉक्टर डिस्पेप्सिया म्हणतात, त्याचंही असंच आहे. पेप्सिस आणि पचन एकाच धातूचे. आपल्याकडे पचायला जड असेल त्याला दुष्पच म्हणत.)

मला यातलं नातं आवडलंच, पण त्याहून महत्त्वाचं वाटलं ते या शब्दाचं चित्र. दुर्भर म्हटल्यावर समोर येतं ते ओझं. माणूस मोडका आहे, मनानं दुबळा आहे, त्याच्यात काही बिघाड आहे, यातलं काहीही तो शब्द सांगत नाही. वजन जास्त आहे, एवढंच तो सांगतो. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. कसलं वजन, कधीपासून, कुणी ठेवलं, आणि थोडं उतरवता येईल का. आत्याच्या 'व'मधे हेच सगळं होतं.

हिप्पोक्रेटिसच्या नावावर जे ग्रीक ग्रंथ आहेत त्यात एपिडेमिक्स नावाचा भाग आहे. त्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकांत ४२ रुग्णांच्या नोंदी आहेत, आणि त्यातले २५ दगावले. इतकी अपयशं कुठलाही आडपडदा न ठेवता लिहून ठेवणारा वैद्य मला फार मोठा वाटतो. नोंदी दिवसावार आहेत. ताप कसा, लघवीचा रंग कसा, झोप लागली की नाही, रात्र कशी गेली. या ग्रंथांत 'दुस्फोर' कुळातले शब्द येतात ते अशा जागी, रोग्याची तगमग सांगताना. तिथं ते रोगाचं नाव नाहीत. रात्र पेलवली नाही, एवढं ते सांगतात. रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचा शब्द आहे हा.

त्याची जोडीदारीण युफोरिया. ग्रीक 'एउ' म्हणजे संस्कृत 'सु'. सुखानं वाहता येणं. आज आपण निवडणूक जिंकल्यावर किंवा शेअर बाजार उसळल्यावर युफोरिया म्हणतो, पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी कोशांत तो निव्वळ वैद्यकीय शब्द होता. औषध किंवा उपचार रोग्याला मानवला, त्याला हलकं वाटलं, की ती युफोरिया. पुढं क्षयाच्या रोग्यांत वैद्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. शरीर खंगत चाललंय आणि रोगी मात्र प्रसन्न, उद्याचे बेत सांगतोय. या खोट्या हलकेपणालाही युफोरिया म्हणायला लागले. १८८४ साली फ्रॉइडनं कोकेनवर निबंध लिहिला, त्यात कोकेननं येणाऱ्या आनंदाला हाच शब्द लावला आणि निरोगी माणसाच्या युफोरियाहून तो वेगळा नाही असं म्हटलं. तो केवढा चुकला होता हे पुढं जगानं पाहिलं. ओझं पेलणारा शब्द असा हळूहळू नशेचा झाला, कारण मधल्या प्रवासात ओझं नजरेआड झालं आणि फक्त भावना उरली. डिस्फोरियाचंही तेच झालं. रात्र पेलवली नाही म्हणणारा शब्द मनाच्या एका अवस्थेचं लेबल झाला. लेबलात वजनाचा प्रश्न विचारला जात नाही.

दुःखाच्या शब्दांत अशी चित्रं सगळीकडे दडलेली आहेत. पीडा म्हणजे दाबलं जाणं. वेदना विद् धातूची, म्हणजे वेद आणि विद्या यांची बहीण. दुखतं तेव्हा शरीर काहीतरी कळवत असतं, असं आपल्या पूर्वजांना वाटलं असावं. इंग्रजीतलं सफर हे लॅटिनमधल्या 'खालून उचलून धरणं' यावरून आलंय, तिथंही तोच भृ. आणि डिस्ट्रेस या शब्दाचा एक अर्थ तर सरळ जप्ती. भाडं थकलं की घरमालकानं भाडेकरूच्या चीजवस्तू ताब्यात घ्यायच्या, त्याला इंग्रजी कायद्यात २०१४पर्यंत डिस्ट्रेस म्हणत. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या शहरांसाठी इंग्रजांनी १८८२ साली स्मॉल कॉज कोर्टांचा कायदा केला, त्यातल्या आठव्या प्रकरणाचं नावच डिस्ट्रेसेस आहे. ज्यांच्या बापजाद्यांच्या दारात जप्तीचा माणूस येऊन गेला, त्यांना या दोन अर्थांतलं नातं कोशात बघावं लागत नाही.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते सहन या शब्दानं. सह् धातूचा ऋग्वेदातला अर्थ आहे जिंकणं, वरचढ होणं. जर्मन भाषेत विजयाला झीग म्हणतात, तो याच मुळाचा. पुढं तोच धातू सोसण्याचा झाला. जिंकण्यातून सोसणं कसं आलं असेल ते समजू शकतं. पावसात, उन्हात, लढाईत जो टिकला तो जिंकला. पण इथंच आपल्या समाजात एक फार मोठी अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही.

सोसणं हा आपल्याकडे गुण आहे. सून सोशिक असावी, आई सोशिक असतेच, विधवेनं तर सोसायचंच. श्रद्धांजलीच्या भाषणांत "त्यांनी आयुष्यभर सोसलं" हे वाक्य कौतुकानं येतं. जात्यावरच्या ओव्यांमधे बायकांनी जे मोकळं केलं ते माणसांसमोर बोलायची सोय नव्हती म्हणून जात्याला सांगितलं. अशा घरात "मला सोसवत नाही" म्हणणं म्हणजे हार कबूल करणं. त्यामुळं बाई ते म्हणत नाही. ती म्हणते डोकं दुखतंय, कंबर धरलीय, हातापायांची आग होतेय. कुणी म्हणेल, दुःखाला ओझं म्हणायची भाषाच मग धोक्याची आहे, कारण ओझं म्हटलं की पेलणाऱ्याची परीक्षा आली. दोन पोती उचलणारा हमाल एक उचलणाऱ्याला हसतोच. हा आक्षेप मला खरा वाटतो. तरीही ओझ्याचं चित्र मी सोडणार नाही. हमालीतसुद्धा पोतं किती किलोचं असावं याच्या मर्यादेसाठी माणसं भांडली आहेत, आणि तेव्हा वाद पाठीच्या मजबुतीवर नव्हता, पोत्याच्या वजनावर होता. सोशिकपणाचं कौतुक करणारे लोक वजनाबद्दल कधीच बोलत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पाठीवर असतं.

डिस्फोरिया या शब्दानं अलीकडच्या काळात एक मोठं काम केलं, आणि त्यात त्याची ताकद आणि अपुरेपणा दोन्ही दिसतात. ज्यांना जन्मावेळी मुलगा किंवा मुलगी म्हणून नोंदवलं गेलं, पण स्वतःची ओळख वेगळी आहे, अशा माणसांसाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमधले डॉक्टर नॉर्मन फिस्क यांनी १९७०च्या दशकात जेंडर डिस्फोरिया ही संज्ञा रूढ केली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत मात्र कित्येक वर्षं 'ओळखीचा विकार' असंच नाव होतं. २०१३ साली पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली आणि विकार हा शब्द जाऊन तिथं डिस्फोरिया आला. एका शब्दाच्या बदलानं केवढा फरक पडला बघा. आधी ओळखच आजारी होती. आता ओळख निरोगी, फक्त शरीर आणि ओळख यांच्यातल्या विसंगतीचा जो भार होतो त्यावर डॉक्टरांनी मदत करायची. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झालं, हा विषय मानसिक विकारांच्या यादीतून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला आणि नावही विसंगती असं साधं ठेवलं. भारतात सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४च्या नालसा निकालात स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला.

मी २०१३च्या बदलाच्या बाजूचा आहे, पण तो अर्ध्या वाटेवरचा मुक्काम होता असं मला वाटतं. भार आहे हे त्या शब्दानं कबूल केलं, पण भार कुणी टाकला ते सांगितलं नाही. एखाद्या पारलिंगी मुलीला आरशात स्वतःकडे बघवत नाही, हा एक भार. तिला भाड्यानं खोली मिळत नाही, बाप जेवताना तोंड फिरवतो, शाळेतल्या हजेरीत रोज नको ते नाव पुकारलं जातं, हा दुसरा. निदानाच्या एका शब्दात दोन्ही एकत्र बांधले की दुसरा भारही तिच्याच आतला वाटायला लागतो, आणि ज्यांनी तो टाकला ते नामानिराळे होतात. पहिल्यासाठी डॉक्टर लागतो. दुसऱ्यासाठी बाप, घरमालक आणि शिक्षक लागतात.

मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत काही बायकांना जे होतं त्यालाही २०१३च्या त्याच पुस्तिकेत स्वतंत्र जागा मिळाली, आणि त्याच्याही नावात डिस्फोरिक आहे. "त्या दिवसांत मला कुणी बोललेलं सोसवत नाही" हे आपल्याकडच्या बायका पूर्वीपासून सांगत आल्या आहेत. ते ऐकून घरच्यांनी 'तिचा स्वभावच तसा' म्हटलं. इथं शब्द पुस्तकात गेल्यानं निदान स्वभावाची ढाल गळून पडली.

मग रोग्याची भाषा डॉक्टरनं किती घ्यावी? मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञानं कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड भागात हव्यक ब्राह्मण बायकांमधे राहून अभ्यास केला आणि १९८१ साली त्यावर लिहिलं. सरळ बोलायची सोय नसलेल्या बायका त्रास कसा सांगतात, याकडे त्यानं बघितलं. अन्नातून, उपासातून, सोवळ्यातून, अंगात येण्यातून. दुःख सांगण्याच्या या रीतींना त्यानं जे नाव दिलं ते आज जगभर वापरतात. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या संगाथ या संस्थेनं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या मानस या प्रयोगात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधे डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी उदास, चिंताग्रस्त रुग्णांशी बोलायचं काम केलं, आणि आजाराची नावं चिकटवण्यापेक्षा टेन्शनसारख्या लोकांच्याच शब्दांत केलं. २०१०मधे त्याचे निष्कर्ष लॅन्सेटमधे आले आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला असं दिसलं. टेन्शन हा शब्द आपण उगीच परका मानतो. तो आणि आपला ताण एकाच तन् धातूचे. खेड्यातली म्हातारी "लय टेन्शन आलंय" म्हणते तेव्हा ती आपल्याच घरातलं भांडं जरा लांबून फिरून परत आणत असते.

तपासणीच्या प्रश्नावल्यांना माझा विरोध नाही. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सगळीकडे चालते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. ज्या दवाखान्यात कुणी काहीच विचारत नव्हतं तिथं ती आली हे चांगलंच झालं. पण ती विचारते, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं. ती दिवस मोजते. आत्याला दिवस सांगायचे नव्हते. म्हणून माझी मागणी फार लहान आहे. दुर्भरता वगैरे नवा शब्द मला रूढ करायचा नाही, असे शब्द शासनाच्या परिपत्रकात जाऊन पडून राहतात. केसपेपरवर पहिल्या ओळीत रोग्याचं क्रियापद जसंच्या तसं लिहावं, त्याच्या भाषेत, त्याच्या 'व'सकट. निदान त्याच्या खाली इंग्रजीत येऊ द्या. आणि सोबत आलेल्या नातेवाइकानं, ज्यात मीही आलो, त्या वाक्याचं भाषांतर करायला जाऊ नये. त्या दिवशी दाजी बोलत असताना मी गप्प बसलो होतो.

दोन आठवड्यांनी आम्ही परत गेलो तेव्हा वेगळ्या डॉक्टर होत्या, बहुधा नुकत्याच शिकून आलेल्या. आत्या पुन्हा तेच म्हणाली. दाजी बोलणार तोच मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय काय खाववत नाही, आजी? सगळंच?"

आत्यानं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "सगळं नाही. सकाळी चहा जातो. रात्री चार घास दूधभात जातो. दुपारचं खाववत नाही."

"दुपारी काय होतं?"

"दुपारी हे यायचे. फाटकाची कडी वाजली की मी तवा टाकायची, म्हणजे हातपाय धुऊन होईतो भाकरी गरम. आता कडी वाजत नाही. तवा कधी टाकायचा तेच कळत नाही. मग एकटीपुरता टाकला तरी खाववत नाही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. दुपारी घरी आणखी कोण असतं, हे विचारलं. मग पुन्हा पेन उचललं. रांगेत उभा राहून मी तो कागद वाचला. वर इंग्रजीतल्या सात-आठ ओळी होत्या, वजन, रक्तदाब, गोळी अर्धी करा. मधेच एक ओळ देवनागरीत होती, घाईच्या अक्षरात: दुपारचं खाववत नाही. त्याखाली पुढच्या गुरुवारची तारीख.